ध्रुवीय प्रदेशातील घातक कचरा आणि त्याच्या संनियंत्रणाचा इतिहास : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

साधनांवाचून इतिहास नाही, हे आपण इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पहिल्या तासापासून सांगत आलो आहोत. परंतु जी कृती करणाऱ्यांनी तिची नोंद ठेवण्याची गरजच मानली नाही, तिचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावयाचा? कचरा टाकणे ही अशीच एक कृती आहे. मोहिमांच्या रोजनिशा, हवामानाचे तक्ते, खडकांचे व जीवांचे नमुने यांची काटेकोर नोंद ठेवणाऱ्या ध्रुवीय संशोधकांनी स्थानकाच्या मागील दारी काय टाकले, किती टाकले आणि कोठे टाकले याची नोंद अनेक दशके ठेवली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही नोंद शोधण्याची वेळ आली तेव्हा समुद्रतळाचा गाळ, पक्ष्यांची चरबी, वितळणारे पाणी आणि गोठलेली माती हीच साधने म्हणून वापरावी लागली.

एखाद्या ठिकाणच्या माती, पाणी, हवा व सजीव यांतील दूषित द्रव्यांचे प्रमाण ठरावीक पद्धतीने, ठरावीक कालांतराने मोजणे आणि त्याची तुलना अदूषित ठिकाणाशी करणे यास 'संनियंत्रण' असे म्हणतात. हा विषय सामान्यतः रसायनशास्त्राचा वा पर्यावरणशास्त्राचा मानला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात त्याचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे. घातक कचऱ्याचे संनियंत्रण हे मोजमापाचे शास्त्र आहेच. त्याचबरोबर ते हरवलेल्या नोंदींची उशिरा केलेली भरपाईही आहे, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) ध्रुवीय प्रदेशात कचऱ्याच्या विल्हेवाटीची रूढी कशी निर्माण झाली याचा शोध घेणे.
२) प्रदूषणाच्या संनियंत्रणाची गरज कोणत्या घटनांमुळे आणि कोणाच्या दबावामुळे मान्य झाली हे तपासणे.
३) मॅकमर्डो, केसी व कॅम्प सेंचुरी या तीन ठिकाणांच्या आधारे नोंदी आणि संनियंत्रण यांचा संबंध स्पष्ट करणे.
४) भारताच्या ध्रुवीय कार्याच्या संदर्भात या इतिहासाचा अर्थ लावणे.

१. 'निर्मळ प्रयोगशाळा' आणि कचऱ्याची रूढी

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून साजरे झाले. त्या निमित्ताने अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया इत्यादी बारा राष्ट्रांनी अंटार्क्टिका खंडावर वैज्ञानिक कार्य केले. त्यातूनच १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टन येथे अंटार्क्टिक करारावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि २३ जून १९६१ पासून तो अमलात आला. शांतता व विज्ञान यांसाठी राखलेला खंड अशी अंटार्क्टिकाची प्रतिमा या काळात दृढ झाली. जगाच्या हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण मोजण्यासाठी दक्षिण ध्रुवाची निवड १९५७ मध्ये झाली ती तेथील हवा मानवी वस्तीपासून दूर व निर्मळ म्हणूनच.

या प्रतिमेच्या मागे दैनंदिन व्यवहाराची एक वेगळी बाजू होती. अंटार्क्टिकावरील स्थानकास लागणारी प्रत्येक वस्तू जहाजाने वा विमानाने आणावी लागते. डिझेल, वंगण, रंग, द्रावके, विजेच्या बॅटऱ्या, रोहित्रे, वाहने, बांधकामाचे साहित्य हे सर्व आणले गेले. आणण्याचा खर्च मोहिमेच्या अंदाजपत्रकात असे. रिकामे पिंप, निकामी बॅटरी वा मोडके वाहन परत नेण्याचा खर्च मात्र कोणी धरत नसे. परिणामी कचरा जवळच्या दरीत ढकलणे, उघड्यावर जाळणे, किनाऱ्यावर रचणे अथवा हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावर नेऊन ठेवणे अशा रीती पडल्या. समुद्रावरील बर्फ उन्हाळ्यात फुटून वाहून जाई आणि त्यासोबत कचराही दृष्टीआड होई.

यामागे सर्वस्वी बेफिकिरी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळात बहुतेक देशांतील नगरे व कारखानेही आपला कचरा अशाच रीतीने टाकत होते. परंतु स्वदेशात कचराभूमीच्या शेजारी माणसे राहत होती आणि आज ना उद्या ती तक्रार करणार होती. अंटार्क्टिकावर तक्रार करण्यास कोणी नव्हते. करारातील पाचव्या कलमाने अणुस्फोट व किरणोत्सारी कचऱ्याची विल्हेवाट यांस बंदी घातली. अन्य घातक कचऱ्याविषयी करार मौन पाळतो. जगाची शुद्धता मोजणाऱ्या दिव्याखालीच अंधार राहिला.

२. पेंग्विनच्या चरबीतील पुरावा

या मौनास पहिला धक्का एका अनपेक्षित दिशेने बसला. १९६६ मध्ये विल्यम स्लेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा लेख प्रसिद्ध केला. अंटार्क्टिकावरील ॲडेली पेंग्विन व एक सील यांच्या शरीरात डी.डी.टी. या कीटकनाशकाचे अवशेष आढळल्याची माहिती त्यात होती. ज्या खंडावर शेती नाही, तेथील पक्ष्याच्या चरबीत शेतावर फवारले जाणारे द्रव्य सापडले होते.

अशी द्रव्ये पाण्यात सहज विरघळत नाहीत, परंतु चरबीत साठतात. ती सावकाश विघटित होतात आणि अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर त्यांचे प्रमाण वाढत जाते. उष्ण प्रदेशात ती हवेत मिसळतात, वाऱ्याबरोबर दूर जातात आणि थंड प्रदेशात खाली उतरतात. म्हणून ध्रुवीय प्रदेश हे जगाच्या रासायनिक कचऱ्याचे एक अंतिम स्थान बनतात.

उत्तर ध्रुवीय प्रदेशात या प्रश्नास मानवी बाजू होती. कॅनडातील उत्तर क्वेबेकमधील इनुइट मातांच्या दुधात पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, म्हणजेच पीसीबी, या घातक द्रव्याचे प्रमाण दक्षिण क्वेबेकमधील मातांच्या तुलनेत सुमारे पाचपट असल्याचे एरिक देवाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले. रोहित्रांतील तेलात व रंगांत वापरले जाणारे हे द्रव्य इनुइटांनी निर्माण केले नव्हते आणि त्याचा फारसा उपयोगही त्यांनी केला नव्हता. सील व देवमाशाच्या मांसाबरोबर ते त्यांच्या शरीरात आले. विशेष म्हणजे उत्तरेकडील तुलना निर्मळ असेल, या अपेक्षेने हे नमुने घेतले गेले होते. १९९१ मध्ये रोव्हानिएमी येथे आठ उत्तर ध्रुवीय राष्ट्रांनी संयुक्त संनियंत्रण कार्यक्रम स्थापन केला, त्यामागे या प्रकारच्या निष्कर्षांचे मोठे बळ होते.

या शोधांचा एक दुहेरी परिणाम झाला. प्रदूषण ध्रुवापर्यंत पोचते हे सिद्ध झाले, परंतु ते दुरून येते अशी सोयीस्कर समजूतही रूढ झाली. स्थानकाच्या अंगणातील कचऱ्याकडे पाहण्यास त्यामुळे विलंब झाला असे म्हणण्यास जागा आहे. दुरून आलेले द्रव्य सर्वत्र विरळपणे पसरलेले असते, तर स्थानकातून निघालेले द्रव्य स्थानकाजवळ दाट व दूर जाताच झपाट्याने विरळ होते. हा भेद ओळखावयाचा तर अंतराअंतरावर नमुने घ्यावे लागतात. हे काम मॅकमर्डो येथे झाले.

३. मॅकमर्डो : अणुभट्टी, उपसागर व न्यायालय

रॉस बेटावरील मॅकमर्डो हे अमेरिकेचे स्थानक १९५५-५६ च्या उन्हाळ्यात उभारले गेले आणि पुढे ते खंडावरील सर्वांत मोठी वस्ती बनले. त्याच्या इतिहासात कचऱ्याच्या दोन कथा शेजारी शेजारी घडल्या. त्यांची तुलना उद्बोधक आहे.

पहिली कथा अणुभट्टीची. मार्च १९६२ मध्ये पीएम-३ए नावाची लहान अणुभट्टी येथे कार्यान्वित झाली. डिझेलचा खर्च वाचावा हा हेतू होता. वारंवार बिघाड होऊन १९७२ मध्ये ती बंद करण्यात आली. करारातील पाचव्या कलमामुळे किरणोत्सारी कचरा तेथे ठेवणे शक्य नव्हते. म्हणून भट्टीच नव्हे, तर तिच्याखालील दूषित माती व खडकही जहाजांत भरून अमेरिकेस नेण्यात आले. किरणोत्साराचे प्रमाण मोजत मोजत खोदकाम करण्यात आले आणि १९७९ मध्ये ती जागा निर्बंधमुक्त घोषित झाली. जेथे कायदा स्पष्ट होता तेथे मोजमापही झाले आणि सफाईही झाली.

दुसरी कथा त्याच टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या विंटर क्वार्टर्स उपसागराची. १९०२ मध्ये स्कॉटच्या पहिल्या मोहिमेचे जहाज येथेच हिवाळ्यासाठी थांबले होते. मॅकमर्डोच्या स्थापनेपासून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत या उपसागराच्या काठावर व पाण्यात पिंपे, यंत्रे, वाहने व इतर कचरा पडत राहिला आणि सांडलेले इंधन झिरपत राहिले. या कचऱ्यास लागू होईल असे कलम करारात नव्हते, त्यामुळे त्याची यादीही नव्हती. १९९० मध्ये लेनिहान व सहकाऱ्यांनी समुद्रतळातील गाळ व त्यातील जीवांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा उपसागराच्या तळाशी प्रदूषण अत्यंत तीव्र, परंतु थोड्या क्षेत्रापुरते मर्यादित असल्याचे दिसून आले. हायड्रोकार्बन व पीसीबी यांचे प्रमाण उपसागरात फार मोठे होते, तर काही अंतरावर ते जवळजवळ निर्मळ पाण्याइतके खाली येत होते. समुद्रतळावरील जीवांच्या जातीही त्याच क्रमाने बदलत होत्या.

१९९९ च्या सुमारास येथे दीर्घकालीन संनियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. टेक्सासमधील महलोन केनिकट व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. ते सरसकट निराशाजनक नाहीत. दूषित क्षेत्र लहान आहे, नव्याने पडणारी भर अल्प आहे आणि बहुतांश प्रदूषण जुन्या काळातील आहे, असे त्यांतून दिसते. मात्र जे एकदा गाळात गेले ते थंडीमुळे तसेच टिकून आहे. मलजल शुद्धीकरण केंद्र येथे २००३ मध्ये सुरू झाले. तोपर्यंत मलजल बारीक करून थेट समुद्रात सोडले जात होते.

मॅकमर्डोची आणखी एक घटना न्यायालयात घडली. अन्नाचा कचरा जाळण्याच्या पद्धतीविरुद्ध एका पर्यावरणवादी संघटनेने अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानास न्यायालयात खेचले. पर्यावरणीय परिणामांचा आढावा घेण्याचा देशांतर्गत कायदा अंटार्क्टिकावर लागू होत नाही, हा शासनाचा बचाव होता. जानेवारी १९९३ मध्ये वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने तो अमान्य केला. तक्रार करण्यास कोणी नसलेल्या खंडाच्या वतीने इतरांनी केलेली तक्रार अशा रीतीने ग्राह्य ठरली.

४. बाहेरची नजर आणि माद्रिद मसुदा

करार राष्ट्रांनी १९७५ मध्ये ओस्लो येथील बैठकीत स्थानकांसाठी एक आचारसंहिता संमत केली होती. ती शिफारशीच्या स्वरूपाची होती आणि काही प्रकारचा कचरा समुद्रात टाकण्यास तिने मुभा ठेवली होती. तिचे पालन झाले की नाही हे पाहणारी राष्ट्रे आणि कचरा टाकणारी राष्ट्रे एकच होती. करारातील सातव्या कलमाने परस्परांची स्थानके तपासण्याचा अधिकार दिला होता. मात्र शेजाऱ्याच्या कचऱ्यावर बोट ठेवणाऱ्यास स्वतःचे अंगण दाखवावे लागते. त्यामुळे या अधिकाराचा वापर कचऱ्याच्या संदर्भात दीर्घकाळ सौम्यपणेच झाला.

ही कोंडी फोडण्याचे काम कराराबाहेरील घटकांनी केले. ग्रीनपीस या संघटनेने १९८७ मध्ये रॉस बेटावरील केप इव्हान्स येथे, मॅकमर्डोपासून सुमारे २५ किलोमीटरवर, स्वतःचे लहानसे स्थानक उभारले. तेथील चार-चार माणसांनी हिवाळे काढले, परिसरातील राष्ट्रीय स्थानकांना भेटी दिल्या, कचऱ्याची छायाचित्रे घेतली आणि ती जगापुढे ठेवली. १९९१-९२ मध्ये हे स्थानक उखडून, साहित्य परत नेऊन जागा मोकळी करण्यात आली.

त्याच सुमारास २८ जानेवारी १९८९ रोजी 'बाहिया पाराईसो' हे अर्जेंटिनाचे जहाज अमेरिकेच्या पामर स्थानकाजवळ खडकावर आदळले व सुमारे सहा लाख लिटर डिझेल समुद्रात पसरले. त्या परिसरात पूर्वीपासून जैविक संशोधन चालू असल्यामुळे अपघातापूर्वीची माहिती उपलब्ध होती, म्हणूनच अपघातानंतरची हानी ठरविणे शक्य झाले. ज्या ठिकाणी पूर्वीची माहिती नसते तेथे हानीची चर्चा अनुमानावर चालते, हा धडा या घटनेने दिला.

१९८८ मध्ये संमत झालेला खनिज उत्खननविषयक करार ऑस्ट्रेलिया व फ्रान्स यांनी १९८९ मध्ये नाकारला. त्यानंतर ४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिद येथे पर्यावरण संरक्षणाच्या मसुद्यावर स्वाक्षऱ्या झाल्या. १४ जानेवारी १९९८ पासून तो अमलात आला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे तिसरे परिशिष्ट महत्त्वाचे आहे. त्याने पीसीबी व कीटकनाशके अंटार्क्टिकावर आणण्यास बंदी केली (वैज्ञानिक, वैद्यकीय व आरोग्यविषयक गरजेपुरती कीटकनाशके वगळता), उघड्यावर कचरा जाळणे १९९८-९९ च्या हंगामाअखेर थांबविण्याचे ठरविले आणि कचऱ्याचे पाच वर्गांत वर्गीकरण करून त्याची नोंद ठेवण्याचे बंधन घातले.

याच परिशिष्टात एक तरतूद अशी आहे की जिच्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे विशेष लक्ष जावे. जुने प्रवासमार्ग, इंधनाचे साठे, सोडून दिलेले तळ, कोसळलेली विमाने अशा पूर्वीच्या कार्यस्थळांची सूची ती माहिती नष्ट होण्यापूर्वी प्रत्येक राष्ट्राने शक्यतो तयार करावी, असे ते सांगते. एका आंतरराष्ट्रीय कायद्याने शासनांना इतिहासाची साधने गोळा करण्याचा आदेश द्यावा आणि वेळ निघून चालल्याची जाणीवही द्यावी, ही बाब दुर्मीळ आहे.

तेच परिशिष्ट जुन्या कचऱ्याची सफाई करण्यास सांगते, परंतु दोन अपवाद ठेवते. सफाईने अधिक हानी होणार असेल तर ती करू नये, आणि ती वस्तू ऐतिहासिक स्मारक म्हणून घोषित असेल तर तिला हात लावू नये. कचरा आणि वारसा यांच्यातील ही सीमारेषा वाटते तितकी स्पष्ट नाही. रॉस बेटावरील स्कॉट व शॅकल्टन यांच्या झोपड्या आज स्मारके आहेत. तरीही २००४ मध्ये रॉबर्ट ब्लँचेट व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात त्या झोपड्यांभोवतीच्या मातीत जुन्या इंधनातील घातक द्रव्ये आढळली. वीरयुगाचे पावित्र्य मातीने मान्य केलेले नाही.

५. थाला दरी : सफाईचेही संनियंत्रण

संनियंत्रण प्रत्यक्षात किती कठीण असते याचे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या केसी स्थानकाजवळील थाला दरीत मिळते. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या लहानशा दरीत स्थानकाचा कचरा टाकला जात होता. दरीचे तोंड ब्राउन उपसागराकडे उघडते. उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत बर्फ वितळून पाण्याचा ओघ कचऱ्यातून वाहतो आणि शिसे, तांबे, जस्त इत्यादी धातू व इंधनाचे अवशेष उपसागरात नेतो.

१९९५-९६ मध्ये यंत्रांच्या साहाय्याने सफाईचा प्रयत्न झाला. परंतु खोदकामामुळे मोकळी झालेली दूषित द्रव्ये पाण्याबरोबर उपसागराकडे जाऊ लागल्याने तो थांबवावा लागला. पुढील काही वर्षे केवळ मोजण्यात गेली. दूषित मातीची व्याप्ती ठरविली गेली, पाण्याचा ओघ कोठून येतो हे पाहिले गेले आणि ब्राउन उपसागरातील तळजीवांची तुलना जवळपासच्या अदूषित उपसागरांतील जीवांशी करण्यात आली. त्यानंतरच २००३-०४ च्या हंगामात पाणी वळवून व दूषित पाण्यावर प्रक्रिया करून कचरा उचलला गेला आणि बंद पेट्यांतून ऑस्ट्रेलियास पाठविण्यात आला.

येथे अभ्यासकांसमोर उभा राहिलेला मूलभूत प्रश्न इतिहासाचा होता. येथील खडकांत निसर्गतःच धातू असतात. स्थानक येण्यापूर्वी मातीत किती शिसे वा तांबे होते याची नोंद नव्हती. मग कोणते प्रमाण नैसर्गिक आणि कोणते मानवनिर्मित हे कसे ठरवावयाचे? शेजारच्या अदूषित जागा हाच 'पूर्वकाळ' मानून तुलना करावी लागली. ज्याची नोंद नाही असा भूतकाळ शेजारच्या साक्षीदाराकडून समजून घेण्याची ही पद्धत इतिहासकारांस अपरिचित नाही.

थाला दरीच्या समोरच विल्क्स हे त्याहून जुने स्थानक आहे. अमेरिकेने ते १९५७ मध्ये बांधले, १९५९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हवाली केले आणि १९६९ मध्ये ते सोडून देण्यात आले. तेथील इमारती व पिंपे बऱ्याच अंशी बर्फाखाली आहेत. कचरा एकाने सुरू केला, वारसा दुसऱ्याकडे गेला आणि सफाईचा भार तिसऱ्या पिढीवर पडला.

६. कॅम्प सेंचुरी : बर्फावरील विश्वास

बर्फाखाली गाडलेला कचरा कायमचा सुरक्षित असतो का, हा प्रश्न उत्तर गोलार्धात अधिक स्पष्टपणे उभा राहिला. १९५९-६० मध्ये अमेरिकेच्या लष्कराने ग्रीनलंडच्या हिमचादरीत बोगदे खोदून कॅम्प सेंचुरी हा तळ उभारला. तेथे एक लहान अणुभट्टी काही वर्षे चालली. बर्फाखाली क्षेपणास्त्रे ठेवण्याच्या गुप्त योजनेची चाचणी हाही या तळाचा हेतू असल्याचे डेन्मार्कमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालातून उघड झाले. बर्फ सरकत असल्याने बोगदे आकसू लागले आणि १९६७ मध्ये तळ सोडण्यात आला. अणुभट्टी काढून नेण्यात आली, बाकीचे तेथेच राहिले. दरवर्षीचा हिमवर्षाव ते कायमचे झाकून टाकील असा विश्वास होता.

याच तळावर १९६६ मध्ये हिमचादरीच्या तळापर्यंत, सुमारे १,३९० मीटर खोल, छिद्र पाडून बर्फाचा पहिला अखंड स्तंभ काढण्यात आला. त्यावरून पृथ्वीच्या हवामानाचा लक्षावधी दिवसांचा नव्हे, तर हजारो वर्षांचा इतिहास वाचता आला. म्हणजे एकाच बर्फाकडे एकाच वेळी पुराभिलेखागार म्हणूनही पाहिले गेले आणि कचऱ्याचा खड्डा म्हणूनही.

२०१६ मध्ये विल्यम कोलगन व सहकाऱ्यांनी या तळाविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. बांधकामाची जुनी कागदपत्रे वाचून त्यांनी तेथे उरलेल्या कचऱ्याचा अंदाज बांधला : सुमारे दोन लाख लिटर डिझेल, मलजलासह दोन लाख चाळीस हजार लिटर सांडपाणी, अज्ञात प्रमाणात पीसीबी आणि अणुभट्टीचे अल्प किरणोत्सारी शीतजल. तापमानवाढ चालू राहिल्यास इ. स. २०९० च्या सुमारास या ठिकाणी हिमवर्षावापेक्षा वितळण्याचे प्रमाण अधिक होऊ शकेल, असे त्यांनी दाखविले. सफाई कोणी करावयाची, अमेरिकेने, डेन्मार्कने की ग्रीनलंडने, हा वाद त्यातून उभा राहिला.

२०१७ पासून डेन्मार्कच्या भूशास्त्रीय संस्थेने तेथे प्रत्यक्ष संनियंत्रण सुरू केले. हवामान व बर्फाचे तापमान मोजणारी उपकरणे बसविली गेली आणि रडारच्या साहाय्याने गाडलेल्या अवशेषांचे स्थान निश्चित करण्यात आले. या मोजमापांवर आधारलेल्या २०२१ च्या अभ्यासात असे दिसले की इ. स. २१०० पर्यंत वितळलेले पाणी अवशेषांपर्यंत पोचण्याची शक्यता नाही. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. परंतु तळ सोडल्यानंतर पन्नास वर्षे हा दिलासा केवळ श्रद्धेवर आधारलेला होता आणि मोजमाप झाल्यावरच त्यास पुरावा मिळाला, हे विसरता येणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पण ती उघडून पाहिल्यावाचून तिच्यात काय आहे हे कळत नाही.

७. भारतीय संदर्भ

या इतिहासाशी आपला संबंध दूरचा नाही. डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे उतरली. १९८३ मध्ये भारत अंटार्क्टिक करारात सामील झाला. १९८३-८४ मध्ये बर्फाच्या थरावर बांधलेले 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले स्थानक काही वर्षांतच बर्फात गाडले जाऊ लागले आणि १९९० मध्ये स्थानक म्हणून बंद झाले. पहिल्या मोहिमेच्या सदस्यांची नावे असलेला तेथील फलक आज कराराच्या ऐतिहासिक स्मारकांच्या यादीत आहे. स्मारकांचे आणि गाडल्या गेलेल्या स्थानकांचे जे प्रश्न वर चर्चिले, ते दोन्ही आपल्या पहिल्याच स्थानकात एकत्र आले.

दुसरे स्थानक 'मैत्री' हे शिर्माकर परिसरात खडकावर उभारले गेले आणि १९८९ पासून कार्यरत आहे. तेथील पाणीपुरवठा जवळच्या तलावातून होतो, ज्यास भारतीय मोहिमांनी प्रियदर्शिनी असे नाव दिले. त्यामुळे स्थानकाच्या सांडपाण्याची व इंधनाची काळजी ही तेथे राहणाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्याशी निगडित आहे. तिसरे स्थानक 'भारती' २०१२ मध्ये, म्हणजे माद्रिद मसुदा अमलात आल्यानंतर सुरू झाले. म्हणून त्याच्या बांधणीपूर्वीच पर्यावरणीय परिणामांचा सविस्तर आढावा घेणे बंधनकारक होते. दोन स्थानकांमधील हा फरक तंत्रज्ञानाचा आहे तसाच कायद्याचाही आहे.

या कार्याचे केंद्र गोव्यातील वास्को येथे आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या नावाने ओळखली जाते. २०२२ मध्ये संसदेने भारतीय अंटार्क्टिक अधिनियम संमत केला व कचऱ्याच्या विल्हेवाटीसंबंधीची बंधने देशाच्या कायद्यात आणली. आपल्या विद्यापीठांतील इतिहास व समाजशास्त्र विभागांनी मात्र या चार दशकांच्या कार्याकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही. सुरुवातीच्या मोहिमांतील सदस्यांच्या आठवणी, सामानाच्या याद्या, परत आणलेल्या साहित्याची पत्रके ही आज मिळू शकणारी साधने आहेत. त्या पिढीबरोबर ती जातील तेव्हा त्यांची जागा गाळाचे नमुने भरून काढतील, पण ते सर्व प्रश्नांची उत्तरे देणार नाहीत. किती द्रव्य सांडले हे गाळ सांगतो. ते कोणी, कोणत्या गरजेपोटी आणि कोणत्या समजुतीने टाकले हे तो सांगत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ध्रुवीय प्रदेशात संनियंत्रण हे कचऱ्याच्या विल्हेवाटीसोबत सुरू झाले नाही. मॅकमर्डो व केसी येथे ते सुमारे तीन दशकांनी, कॅम्प सेंचुरी येथे पाच दशकांनी आले.

२) जेथे कायद्याचे बंधन स्पष्ट होते तेथे मोजमाप व सफाई वेळेवर झाली. मॅकमर्डोची अणुभट्टी आणि त्याखालचा उपसागर यांची तुलना हे दाखविते.

३) प्रदूषण करणारे व त्याची तपासणी करणारे एकच असताना बाहेरची नजर आवश्यक ठरली. ती स्वयंसेवी संघटना, न्यायालय व स्वतंत्र संशोधक यांनी पुरविली.

४) पूर्वस्थितीची नोंद नसल्यास हानी सिद्ध करणे कठीण होते. म्हणून कोणत्याही नव्या स्थानकाच्या बाबतीत नोंद ही सफाईची पहिली पायरी मानली पाहिजे.

५) जुन्या कचरास्थळांच्या सूचीसाठी शास्त्रज्ञ व इतिहासकार यांचे सहकार्य आवश्यक आहे. कॅम्प सेंचुरीच्या कचऱ्याचा अंदाज प्रयोगशाळेत नव्हे, तर प्रथम कागदपत्रांत बांधला गेला.

माद्रिद मसुद्यातील 'माहिती नष्ट होण्यापूर्वी' ही अट केवळ अंटार्क्टिकापुरती मर्यादित नाही. आपल्या परिसरातील औद्योगिक वसाहतींच्या मागे पडलेल्या पिंपांची, बुजविलेल्या खड्ड्यांची व बंद पडलेल्या कारखान्यांची नोंद किती ठिकाणी उपलब्ध आहे, याचा विचार केल्यास या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. ध्रुवावर माणसे थोडी, कामे मोजकी आणि कागद जपून ठेवण्याची परंपरा मोठी, तरीही तेथील नोंद हरवली. जेथे यांपैकी काहीच नाही, तेथे ती आताच घेतली गेली पाहिजे. हे काम रसायनशास्त्राच्या विभागाइतकेच इतिहासाच्या विभागाचेही आहे.